पित्ताश्मरी : एका शब्दाचा चकवा

रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळा स्थिरावला की परसात, वाडीच्या बांधावर आणि देवळाच्या फरसबंदीच्या फटींतही भुईआवळी उगवते. पानांच्या पोटाशी मोहरीएवढी हिरवी फळे, वीतभर उंची, कडू चव. काविळीला हिचा रस देण्याची रीत अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या घराघरांत ठाऊक आहे. अलीकडे मात्र या झुडपाला एक नवे काम मिळाले आहे. भुईआवळी, पाषाणभेद, गोखरू आणि कुळीथ यांचा काढा घेतला की पित्ताशयातील खडे विरघळतात, आणि हा उपाय 'सुश्रुतापासून चालत आलेला' आहे, असे सांगितले जाते. पुराव्यादाखल एक शब्दही पुढे केला जातो : पित्ताश्मरी.

शब्द खरा आहे. सुश्रुतसंहितेत तो आहेच. आजचा धागा या शब्दाचा आहे, कारण त्याचा अर्थ वाटेत बदलला आणि त्या बदलाची किंमत रुग्ण मोजतात.

सुश्रुताच्या निदानस्थानात अश्मरीवर स्वतंत्र अध्याय आहे. अश्मरी म्हणजे शरीरात तयार होणारा खडा. तिचे चार प्रकार सांगितले आहेत : कफाची, पित्ताची, वाताची आणि शुक्राची. यांतील पित्ताची अश्मरी लालसर, पिवळसर किंवा काळपट असते, बिब्ब्याच्या बीसारखी दिसते आणि तिच्यामुळे दाह होतो. हा दाह कोठे होतो? बस्तीत, म्हणजे मूत्राशयात. चारही अश्मरी मूत्रमार्गातल्याच आहेत. 'पित्ताश्मरी' हे खड्याच्या जागेचे नाव नाही, खडा घडवणाऱ्या दोषाचे नाव आहे. पुढे चिकित्सास्थानात मूत्राशयातला खडा शस्त्राने काढण्याची जी प्रसिद्ध पद्धत येते, तीही याच रोगासाठी. वरुण, गोखरू, पाषाणभेद आणि कुळीथ ही सारी द्रव्ये मुतखड्याच्या चिकित्सेतली आहेत.

दुसरा शब्द 'पित्ताशय'. तोही सुश्रुताचाच. शारीरस्थानात त्याने वाताशय, पित्ताशय, श्लेष्माशय, रक्ताशय, आमाशय, पक्वाशय आणि मूत्राशय असे सात आशय मोजले आहेत. येथे पित्ताशय म्हणजे पित्त या दोषाचे स्थान. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली, नासपतीच्या आकाराची पिशवी असा त्याचा अर्थ तेथे स्पष्ट होत नाही. प्राचीन ग्रंथांतील 'क्लोम' हा अवयव म्हणजेच ही पिशवी, असे काही अभ्यासक मानतात. पण इतर काही त्याच शब्दाचा अर्थ स्वादुपिंड करतात, तर काही श्वासनलिका. एवढा मतभेद ज्याच्या ओळखीविषयी आहे, त्या अवयवातल्या खड्यांची चिकित्सा शोधणे किती अवघड, हे सांगायला नको.

१९व्या शतकात पाश्चात्त्य शरीरशास्त्र भारतीय भाषांत आणायचे होते, तेव्हा अवयवांना नावे हवी होती. संस्कृत तयार शब्दांचे भांडार होते. पित्त साठवणाऱ्या पिशवीला 'पित्ताशय' आणि तिच्यातल्या खड्याला 'पित्ताश्मरी' ही नावे सहज बसली. भाषांतर म्हणून ती उत्तमच आहेत. घोळ त्यानंतरचा. नव्या अर्थाने वापरलेला शब्द हातात धरून लोक जुन्या ग्रंथात शिरले, तेथे तोच शब्द भेटला आणि मुतखड्याची औषधे पित्ताशयाच्या खड्याला लागू झाली. कोकणात रात्री वाट चुकवणाऱ्या चकव्याच्या गोष्टी सांगतात. येथे वाट चुकवली ती कोशाने.

हे दोन खडे रसायनदृष्ट्याही वेगळे आहेत. मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो आणि लघवीच्या प्रवाहात बसलेला असतो. पाणी वाढवले, लघवी वाढली की लहान खडा वाहून जाऊ शकतो. पित्ताशयातला खडा कोलेस्टेरॉलचा किंवा पित्तरंजकाचा असतो आणि लघवीच्या मार्गाशी त्याचा काहीही संबंध नसतो. गोखरूने लघवी कितीही सुटली, तरी तो जागचा हलायचा नाही.

मग प्राचीन वैद्यांना या आजाराचे काहीच कळले नव्हते का? येथे चरकसंहिता वाचताना अचंबा वाटतो. पांडुरोगाच्या अध्यायात चरक कामलेचे, म्हणजे काविळीचे, दोन मार्ग सांगतो. एकात पित्त अतोनात वाढते. दुसऱ्यात कफ पित्ताची वाट अडवतो. या दुसऱ्या प्रकारात डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी होते, पण मळ मात्र तिळाच्या वाटणासारखा पांढुरका दिसतो. पित्त आतड्यात उतरलेच नाही तर मळाला रंग येत नाही, हे निरीक्षण आजचा डॉक्टरही अडथळ्याची कावीळ ओळखताना पहिल्या प्रश्नातच तपासतो. वाट कशाने अडली असेल, याचे उत्तर चरकाने कफ असे दिले. ती वाट अडवणारा खडा त्याने पाहिला नव्हता. शवविच्छेदनाशिवाय तो दिसण्याजोगा नव्हताच.

या 'रुद्धपथ' काविळीसाठी सांगितलेला आहार कोकणच्या माणसाला परका वाटू नये. मोर, तित्तिर आणि कोंबड्याच्या मांसाचा तिखट-आंबट रस, वाळलेल्या मुळ्याचे आणि कुळथाचे कढण, महाळुंगाचा रस, मध, सुंठ, मिरी, पिंपळी. भाताच्या कापणीनंतर कोकणात निघणारा कुळीथ आणि त्याचे पिठले यांना काविळीच्या इतिहासातही जागा आहे, ती अशी. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी : हे उपचार कोठवर चालवायचे याची खूण चरक देतो. मळाला पित्ताचा रंग परत येईपर्यंत.

युरोपातही पित्ताशयातले खडे प्रथम दिसले ते मृतदेहांत. फ्लॉरेन्सचा वैद्य अंतोनियो बेनिव्हिएनी याच्या मृत्यूनंतर १५०७ साली छापलेल्या पुस्तकात अशा नोंदी आहेत. सर्वांत गाजलेले उदाहरण इग्नेशियस लोयोलाचे. जेझुइट संघाच्या या संस्थापकाला वर्षानुवर्षे पोटदुखीचे झटके येत आणि वैद्य जठराचा विकार समजून उपचार करीत. १५५६ साली रोममध्ये त्याचे निधन झाले. रेआल्दो कोलोंबो या शरीरशास्त्रज्ञाने शवविच्छेदन केले, तेव्हा इतर अवयवांबरोबर यकृतातही खडे सापडले, असे त्याने लिहून ठेवले. वेदना पित्तखड्यांची असावी, असे नंतरच्या अनेक वैद्यकांचे मत आहे.

याच काळात खुद्द रायगडच्या किनाऱ्यावर खड्यांचा व्यापार जोरात होता. फरक एवढाच की हे खडे रोग नव्हते, औषध होते.

चौल-रेवदंडा हे तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचे मुख्य बंदर. १५२०च्या दशकात पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधला. १५३४ साली गोव्यात उतरलेला गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात वावरला. पुढे मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात येथील औषधी, मसाले आणि रोग यांची तपशीलवार चर्चा आहे. कॉलऱ्याच्या वर्णनात तो वापरतो तो 'मोर्शी' हा शब्द म्हणजे आपली मोडशी. त्याच ग्रंथात बेझोअर खड्यावर एक संपूर्ण संवाद आहे. इराणकडच्या रानबोकडाच्या जठरात काडीकचऱ्याभोवती थर साचून हा खडा बनतो आणि तो विषावर उतारा आहे, अशी तेव्हाची समजूत होती. मलाक्क्याकडून साळिंदराच्या पित्तातले म्हणवले जाणारे खडेही येत आणि ते सोन्याच्या मोलाने विकले जात. मागणी एवढी वाढली की पुढच्या शतकात गोव्यातल्या जेझुइटांनी कृत्रिम खडे घडवायला घेतले. युरोपात ते 'गोवा स्टोन' म्हणून सोन्याच्या जाळीदार डब्यांत मिरवत असत.

(ऑर्ताचा शेवट या विषयाचा भाग नाही, तरी सांगायला हवा. तो ज्यू वंशाचा होता. १५६८ साली तो मेला, १५६९ साली इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला गोव्यात जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली.)

भारतात याच जातीचे एक औषध त्याहून पुष्कळ जुने आहे : गोरोचन. गाईबैलांच्या पित्ताशयात सापडणारा पिवळा खडा म्हणजे गोरोचन. तिलकासाठी, तंत्रविधीत आणि औषधांत तो वापरला जाई. चिनी वैद्यकातही त्याला मानाचे स्थान आहे. म्हणजे पित्ताशयात खडा होतो हे गुराढोरांच्या बाबतीत आपल्याकडे केव्हाच ठाऊक होते. पण गुरांच्या पोटातला खडा मौल्यवान औषध ठरला आणि माणसाच्या पोटातला खडा नजरेआडच राहिला.

आता भुईआवळीकडे. चरकात 'तामलकी' नावाची वनस्पती येते आणि ती भुईआवळी असे मानले जाते. चरकाने तिला खोकल्यावरच्या आणि दम्यावरच्या द्रव्यांच्या गटांत घातले आहे. आणखी गंमत पुढे. आपल्या अंगणात आज सर्रास उगवणारी भुईआवळीची जात मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली असावी, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. काजू, पपई आणि मिरचीसारखी तीही समुद्रमार्गे आली असेल, तर जुन्या ग्रंथातले नाव एका झुडपाचे आणि अंगणातले झुडूप दुसरेच, असा प्रकार झाला. ब्राझीलमध्ये तिच्या भाईबंदांना पोर्तुगीजमध्ये 'केब्रा-पेद्रा' म्हणतात. शब्दशः अर्थ 'दगडफोडी'. तेथेही ती मुतखड्यावर देतात. आपला 'पाषाणभेद' हा शब्द नेमका त्याच अर्थाचा आहे, आणि त्याचीही कथा अशीच. ग्रंथांतला पाषाणभेद हिमालयातल्या वनस्पतीशी जोडला जातो, तर महाराष्ट्रात अनेक जण पानफुटीला पाषाणभेद म्हणतात. पानफुटी मूळची मादागास्करची. भारतात तिची पहिली ठळक नोंद १८व्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या बागेतली आहे. नाव प्राचीन, वनस्पती पाहुणी.

परंपरा बनावट आहे, असा याचा अर्थ होत नाही. लोकांनी नव्या झाडांची चव घेतली, गुण पाहिले आणि जुन्या नावांखाली त्यांना घरात घेतले. जिवंत परंपरा असेच करते. फक्त 'हजारो वर्षांपासून' हे शब्द जपून वापरायला हवेत.

किनाऱ्यावर खरी जुनी परंपरा आहे ती काविळीच्या औषधाची. भुईआवळीचा रस, एरंडाच्या कोवळ्या पानांचा रस, माका, घेटुळी, गुळवेल, ताकातून किंवा दुधातून दिलेली मुळी. नाकात देवडांगरीच्या फळाचे पाणी सोडून पिवळा स्राव काढणे. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखवणे. वाळता वाळता लांबत जाणारी काविळीची माळ. आणि तापलेल्या सळईचा डाग. औषध देणारा बहुधा पैसे घेत नाही आणि मुळीचे नाव सांगत नाही, कारण नाव फुटले की गुण जातो असा समज आहे.

यातले ज्ञान कागदावर आणण्याचे काम १९व्या शतकात मुंबईत झाले. डॉ. सखाराम अर्जुन हे त्यातले मोठे नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या डॉक्टरांनी मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हे. डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. त्याच काळात विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या वनौषधींवर ग्रंथ लिहिले आणि त्यांत कोकणातले लौकिक उपयोग जागोजागी नोंदवले. मराठी घरांत मात्र वाचला गेला तो शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक'. १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणारे पदे हेच.

ही औषधे गुणकारी का वाटत आली, याचे एक साधे कारण आहे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी विषाणूजन्य कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जे दिले त्याला यश मिळते, मग तो रस असो, माळ असो वा डाग. पित्ताशयाच्या खड्यातही अशीच फसगत आहे. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की उजव्या कुशीत जीवघेणी कळ येते, आणि तो मागे सरकला की काही तासांत ती थांबते. पुन्हा महिनोन्महिने काहीच नाही. मधल्या काळात घेतलेल्या काढ्याला श्रेय आपसूक जाते. खडा जेथे होता तेथेच असतो.

सगळीच औषधे अशी फोल नाहीत. हिमालयातून येणारी कुटकी, जुनी मराठी मंडळी जिला केदारकडू म्हणत, तिची परीक्षा मुंबईतच झाली. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विषाणूजन्य काविळीचे ३३ रुग्ण होते. रक्तातले बिलिरुबिन ठरावीक पातळीपर्यंत उतरायला कुटकी घेणाऱ्यांना सरासरी सुमारे २७ दिवस लागले, तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांना सुमारे ७६. अभ्यास लहान आहे, पण प्रामाणिक आहे. भुईआवळीचे नशीब इतके चांगले नव्हते. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की ती घेणाऱ्या ३७ हेपटायटिस-बी वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. जगभर खळबळ उडाली, पण नंतरच्या चाचण्यांत तो परिणाम पुन्हा दिसला नाही. आणि या दोन्ही कथा यकृताच्या विषाणूंच्या आहेत, खड्यांच्या नाहीत.

खडा जिवंत माणसात दिसायला २०वे शतक उजाडावे लागले. त्याआधी १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुखने पित्ताशयच काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली होती. १९२४ साली क्ष-किरणात पित्ताशय दिसेल असे रसायन सापडले. १९७०नंतर सोनोग्राफी आली आणि अनेकांना न दुखताच कळू लागले की आपल्या पोटात खडे आहेत. याच नव्या ज्ञानातून 'खडे विरघळवा' ही मागणी जन्मली. जो आजार दिसतच नव्हता, त्याच्या घरगुती उपायाची गरजही कोणाला नव्हती. १९६८ साली पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून दाखवले की पित्तखडे दक्षिणेपेक्षा उत्तर भारतात सुमारे सातपट अधिक आढळतात. आणि १९९० साली, मांडव्याहून समोर दिसणाऱ्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली.

सध्या ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे 'बाहेर काढण्याचा' प्रकारही बोकाळला आहे. शौचातून हिरवे गोळे पडतात हे खरे. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी असे गोळे तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : त्यांत कोलेस्टेरॉल किंवा पित्तरंजक नव्हतेच. तेल आणि पाचकरस यांतून पोटातच तयार झालेला तो साबण होता.

विरघळवणारे एक औषध मात्र खरोखर आहे, आणि त्याची वंशावळ गोरोचनाच्या शेजारची आहे. चिनी वैद्यकात अस्वलाचे पित्त वापरीत. १९२७ साली जपानच्या ओकायामा येथे मासातो शोदा यांनी त्यातून एक आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. १९७०च्या दशकात त्याने कोलेस्टेरॉलचे लहान खडे विरघळतात असे दिसले. आज ते मुख्यतः गुरांच्या पित्तापासून कारखान्यात बनते. खडे लहान हवेत, त्यांत कॅल्शियम नको, पित्ताशय काम करणारे हवे, आणि गोळ्या सहा महिने ते दोन वर्षे घ्याव्या लागतात. थांबवल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या जणांना खडे पुन्हा होतात. म्हणून त्रास देणाऱ्या खड्यांसाठी डॉक्टर बहुधा शस्त्रक्रियाच सुचवतात. ज्यांना त्रास नाही, त्यांपैकी दर वर्षी शंभरातल्या एक ते चार जणांनाच तो सुरू होतो. बाकीच्यांच्या काढ्याला यश मिळत राहते ते या आकड्यामुळे.

धोका आहे तो खडा पित्तनलिकेत उतरल्यावर. डोळे पिवळे होतात, घरचे लोक 'कावीळ झाली' म्हणतात आणि सात दिवसांचे मुळीचे औषध सुरू होते. त्यात हुडहुडी भरून ताप आला तर अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झालेला असतो आणि दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. डोळ्यांवरून दोन्ही काविळी सारख्याच दिसतात. वेगळा असतो तो मळाचा रंग, तिळाच्या वाटणासारखा.